मोरस साखरेचे बेट

कोकणातील जुन्या घरांतून पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत. गूळ रोजच्या वापरातला. मोरस साखर सणासुदीची आणि आल्यागेल्याच्या चहाची. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या कानांवरून हा शब्द गेला असेल. मिसर देशावरून मिश्री, चीनवरून चिनी, तशी मॉरिशसवरून मोरस. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरची साखर जहाजांतून मुंबई बंदरात उतरत असे आणि पोत्यांबरोबर बेटाचे नावही आपल्या स्वयंपाकघरात येऊन राहिले.

गेल्या जुलै महिन्यात आठ दिवस मी या मोरसला जाऊन आलो. बरोबर पत्नी होती आणि माझी आई होती. आईचे वय ७९. मधुमेह बावीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांची झीज, रक्तदाबाची एक गोळी. निघण्यापूर्वी घरात बरीच चर्चा झाली. ‘या वयात तिला कशाला दमवायचे? सुखाने घरी बसू दे,’ असे धाकट्या भावाचे म्हणणे. हे वाक्य दवाखान्यात मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु वार्धक्यात ‘सुखाने बसणे’ हे शरीराला परवडत नाही. उतारवयात दहा दिवस अंथरुणावर काढले, तरी पायांचे स्नायू लक्षणीय प्रमाणात झिजतात आणि ते भरून यायला महिने लागतात. म्हणून आम्ही घाई केली नाही. दोन महिने आधीपासून तयारी केली. ई.सी.जी., मूत्रपिंडाची तपासणी, डोळ्यांचा पडदा, तळपायांची संवेदना हे सर्व पाहून घेतले. आईने रोज पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून अर्धा तास चालण्यापर्यंत मजल मारली. मगच तिकिटे काढली.

या बेटावर जे पाहिले, ते प्रवासी म्हणून पाहिलेच. पण तीस वर्षे नाडी पाहणाऱ्या माणसाची नजर घरी ठेवून जाता येत नाही. त्या दुहेरी नजरेने जे दिसले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो.

सह्याद्रीचा धाकटा भाऊ

मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास लागतात. नाशिक विषुववृत्ताच्या जेवढे उत्तरेला, जवळजवळ तेवढेच मॉरिशस दक्षिणेला. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे जुलैत पावसाची झड लागलेली असते, तेव्हा तेथे सौम्य हिवाळा असतो. सकाळी अंगावर शाल हवीशी वाटते, दुपारी सुती कपडे पुरतात. वृद्धांच्या प्रवासासाठी हा काळ उत्तम. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उकाडा असतो आणि चक्रीवादळांचीही भीती असते.

बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे ४५. मध्यभागी पठार, कडेने अचानक उठलेले टोकदार डोंगर. विमानतळाबाहेर पडताच आई म्हणाली, “हे तर आपलेच डोंगर.” तिला भूगर्भशास्त्र ठाऊक नाही, पण तिचे म्हणणे खरे निघाले. ज्या तप्त उगमातून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडवणारा लाव्हा वर आला, त्याच उगमावर पुढे फार उशिरा, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस जन्मले. तोच काळा बसाल्ट, तशाच कातळाच्या भिंती. सह्याद्रीचा हा धाकटा भाऊ समुद्रात एकटा राहिला आहे, एवढेच.

भोवताली प्रवाळांची भिंत आहे. महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात. दुरून पांढरी रेघ दिसते आणि मंद गर्जना ऐकू येते. भिंतीच्या आतले पाणी मात्र उथळ आणि शांत. सकाळी फिकट हिरवे, दुपारी निळे, संध्याकाळी करडे. पश्चिम किनाऱ्यावर वारा कमी असल्याने आमचा मुक्काम तिकडे होता. आई रोज सकाळी घोटाभर पाण्यात उभी राहायची. पायांत मात्र रबरी तळाचे बंद बूट. मधुमेही माणसाच्या तळपायाला काटा टोचलेला कळत नाही आणि प्रवाळाचे तुकडे सुरीसारखे धारदार असतात. समुद्रसालींचे काटे आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही या पाण्यात आढळतो. वाळूवर अनवाणी चालण्याचा मोह तिला होत होता. तिने तो आवरला.

दगडांचे ढीग

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. जुलैत तोडणीचा हंगाम सुरू झालेला असतो. काही शेते रिकामी, काहींवर रुपेरी तुरे वाऱ्यावर डुलताना दिसतात. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल. परंतु एक गोष्ट वेगळी आहे. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात, काही घराएवढे उंच. ही जमीन ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली होती. ते दगड माणसांनी हातांनी वेचले, डोक्याखांद्यावरून वाहिले आणि तेथे रचले. त्या ढिगांकडे पाहताना मला माणसांचे कणे दिसत होते.

ऊस या बेटाचा मूळ रहिवासी नाही. डच लोकांनी तो १६३९ मध्ये जावाहून आणला. डचांनी बेट सोडल्यावर फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर मळे उभे राहिले. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली.

राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर ‘आप्रवासी घाट’ आहे. २००६ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून आलेले करारबद्ध मजूर या बंदरात उतरले. आजही २ नोव्हेंबरला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. पुढील सात-आठ दशकांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली. घाटाला दगडी पायऱ्या आहेत, अवघ्या सोळा. बाजूला स्वयंपाकघराचे, मजुरांना ठेवण्याच्या छपरांचे आणि रुग्णालयाचे अवशेष आहेत. बोटीवर देवी, पटकी यांसारखे आजार पसरत. म्हणून उतरताच तपासणी. कित्येक बोटी परस्पर उत्तरेच्या लहान बेटांवर विलगीकरणासाठी पाठवल्या जात आणि तेथेच अनेकांचा शेवट होई.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, शरीरावरील खूण. कपाळावर व्रण, डाव्या पोटरीवर डाग, अशी त्या काळची ओळख असे. पिढ्यानपिढ्यांनंतर त्यांचे वंशज येथे येऊन आपल्या पूर्वजाचे गाव शोधतात. आम्ही रोज ज्या केसपेपरवर लिहितो, तोही असाच कधी कोणाच्या हाती पडेल, हा विचार त्या नोंदींविषयी ऐकताना माझ्या मनात आला.

दोन आज्यांची गोष्ट

मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसे बरीच होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे मराठी भाषक म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. शाळेत मराठी हा विषय घेता येतो. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात. ही फ्रेंचवर वाढलेली त्या बेटाची बोली.

एका रुग्णाच्या ओळखीने आम्ही कॅस्केव्हेल गावातील एका मराठी कुटुंबात एक दुपार घालवली. घरातल्या आजीबाई ८१ वर्षांच्या. त्यांना गणपतीची आरती मुखोद्गत आहे, पण मराठीत संभाषण जमत नाही. नातू शाळेत मराठी शिकलेला. तो मध्ये बसून दुभाष्याचे काम करत होता. पहिली दहा मिनिटे सगळेच अवघडलेले. मग आईने पर्समधून जेवणापूर्वीची गोळी काढली. आजीबाईंनी ती पाहिली, आत गेल्या आणि आपली डबी घेऊन आल्या. दोघींच्या डब्यांत मेटफॉर्मिन निघाली. दोघी हसल्या. त्यानंतर नातवाची फारशी गरज उरली नाही. गुडघा, डोळा, मुंग्या, रात्रीची लघवी, हे सारे हातवाऱ्यांनी सांगून झाले. आजीबाईंनी डावे पाऊल पुढे करून दाखवले. त्याचा अंगठा नव्हता.

मी नातवाला विचारले, मधुमेह कधीपासून? तो म्हणाला, “आजी साठीपर्यंत उसाच्या मळ्यात जायची. पहाटे निघायची, दुपारी परतायची. तोपर्यंत दवाखाना तिला माहीत नव्हता. काम सुटले, घरी बसली, वजन वाढले. चार वर्षांनी साखर निघाली.” आजीबाईंना प्रश्न कळला असावा. त्यांनी आपल्या पायांवर हात आपटला आणि क्रिओलमध्ये काही तरी म्हटले. नातवाने अर्थ सांगितला, “पाय थांबले, म्हणते.”

ताटात काय पडते आणि पाय किती चालतात, या दोन गोष्टींचा हिशेब शरीर आयुष्यभर ठेवत असते. आजीबाईंच्या तीन शब्दांत मधुमेहाची निम्मी कारणमीमांसा होती. उरलेली निम्मी आम्हाला बाजारात भेटली.

ताटाची गोष्ट

पोर्ट लुईच्या बाजारात ‘ढोलपुरी’ मिळते. बिहारकडच्या मजुरांनी नेलेला हा पदार्थ आज साऱ्या बेटाचा आहे. मैद्याच्या पोळीत शिजवलेल्या डाळीचे सारण, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच. एकावर एक अशा दोन पोळ्या, आत घेवड्याची आमटी, टोमॅटोची चटणी, मिरची. सोबत ‘आलुदा’, म्हणजे सब्जा घातलेले गोड गार दूध, आपल्या फालुद्याच्या जातीचे. चव अप्रतिम. परंतु सकाळ-संध्याकाळ मैदा, गोड पेये, गोड चहा आणि कमी झालेले श्रम यांची बेरीज काय होते, हे या बेटाने जगाला दाखवले आहे.

१९८७ मध्ये मॉरिशसमध्ये मोठे आरोग्य सर्वेक्षण झाले. मधुमेह हा भारतीय वंशाच्या लोकांचा आनुवंशिक दोष, अशी तोवर पुष्कळांची समजूत होती. सर्वेक्षणात निराळेच आढळले. भारतीय, आफ्रिकी मिश्र वंशाचे आणि चिनी वंशाचे, अशा सर्वच गटांत मधुमेहाचे प्रमाण मोठे होते. वंश वेगवेगळे, पण बेट एक, बाजार एक, बदललेले राहणीमान एक. आनुवंशिकता असतेच; पण ठिणगी पडायला वाळलेले गवत लागते, आणि ते गवत आपण रोजच्या जगण्याने वाळवत असतो. आज तेथे दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे.

या बेटाने त्याच सुमारास जे केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. सरकारी अनुदानावर मिळणारे, सर्वसामान्य घरांतले खाद्यतेल तेव्हा प्रामुख्याने पामतेल होते. १९८७ मध्ये शासनाने ते बदलून सोयाबीनचे केले. लोकांना उपदेश नाही, सक्तीची कसरत नाही. दुकानातला तेलाचा डबा तेवढा बदलला. त्याच्या जोडीला रेडिओवरून आणि शाळांतून आरोग्यशिक्षणही चालले. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये पुन्हा तपासणी झाली. लोकांचे सरासरी एकूण कोलेस्टेरॉल आपल्या प्रयोगशाळेच्या मापात सांगायचे तर सुमारे २१३ वरून १८२ वर आले होते. धूम्रपान, अति मद्यपान आणि उच्च रक्तदाब यांचेही प्रमाण घटले. एखाद्या औषधाने एवढा परिणाम दिला असता तर त्याची जाहिरात झाली असती!

परंतु त्याच तपासणीत स्थूलता मात्र वाढलेली आढळली आणि मधुमेहाला फारसा आळा बसलेला नव्हता. तेल शासनाने बदलले. पावले शासनाला टाकता येत नाहीत. कुटुंबातही हेच घडते. घरातील सून वा मुलगी वडीलधाऱ्यांसाठी तेल बदलते, मीठ कमी करते, पदार्थ वाफवून देते. तिचे श्रम वाया जात नाहीत. पण वडीलधारे दिवसभर दूरदर्शनसमोर बसून राहिले, तर हिशेबाची एक बाजू कोरीच राहते.

पठारावरचा एक तास

बेटाच्या मध्यभागी क्युरपिप नावाचे गाव आहे. सतत धुके, गारवा, पाऊस. हे गाव वाढले ते हिवतापामुळे. १८६७ च्या साथीत पोर्ट लुईत हजारो माणसे दगावली, तेव्हा ज्यांना शक्य होते ते डासांच्या टापूतून उठून पठारावर आले. पुढे १९०७ मध्ये हिवतापाच्या नियंत्रणासाठी सल्ला द्यायला रोनाल्ड रॉस या बेटावर आले होते. सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढणारे तेच रॉस. १९७३ मध्ये बेट हिवतापमुक्त जाहीर झाले, १९७५ च्या चक्रीवादळानंतर हिवताप परतला आणि १९९८ पर्यंत त्याला पुन्हा हुसकावून लावावे लागले. आरोग्य एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही.

क्युरपिपवरून आम्ही गंगातलावाकडे निघालो. जुन्या ज्वालामुखीच्या विवरात साठलेले हे तळे. महाशिवरात्रीला लाखो भाविक खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन दूरदूरच्या गावांतून येथे पायी येतात. काठावर शंकराची १०८ फूट उंच मूर्ती आहे. आम्ही गेलो त्या दिवशी धुके दाट होते. मूर्तीचा चेहरा दिसत नव्हता, पायांशी ओल्या दगडांचा वास येत होता. वाटेत पावसामुळे गाडी रखडली आणि जेवणाची वेळ तासाभराने टळली.

तळ्याकाठी आई एकाएकी गप्प झाली. चेहरा घामेजला, त्या गारव्यात घाम येण्याचे कारण नव्हते. हात थरथरत होता. “मला बसू दे,” एवढेच ती म्हणाली. पत्नीने ग्लुकोमीटर काढला. आकडा ६२. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी काम करत होती आणि पोटात अन्न नव्हते. माझ्या खिशात साखरेच्या पुड्या होत्या. हॉटेलच्या चहाच्या टेबलावरून घेतलेल्या, त्याच बेटाच्या साखरेच्या. तीन चमचे होईल एवढी साखर पाण्यात विरघळवून तिला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ९४. तेव्हा तिने आपणहून बिस्किटे मागितली आणि मग म्हणाली, “आता देवाचे दर्शन घेऊ.”

आजन्म जिच्याविरुद्ध मी रुग्णांना बजावतो, तीच साखर त्या क्षणी औषध होती. भावाला हा प्रसंग फोनवर सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “म्हणूनच म्हणत होतो, घरी बरी.” मी त्याला म्हटले, असा प्रसंग घरीही येतो, आणि बहुधा घरात कोणी नसताना दुपारी येतो. साखर कमी होण्याची भीती आहे म्हणून माणसाला घरी बसवणे हा उपाय नव्हे. ती कमी झाली तर काय करायचे, हे त्याला आणि सोबत्याला ठाऊक असणे आणि खिशात साखर असणे, हा उपाय.

बसमधले म्हातारे

बेटावरची बस मला फार आवडली. २००५ पासून तेथे साठ वर्षांवरील नागरिकांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवास विनामूल्य आहे. त्यामुळे सकाळी दहाच्या बसमध्ये अर्धी गर्दी पांढऱ्या केसांची. कोणी बाजाराला, कोणी दवाखान्यात, कोणी बहिणीकडे, कोणी नुसतेच समुद्र पाहायला. टोपी घातलेला एक वृद्ध रोज त्याच थांब्यावर चढे, “बोंझूर” म्हणून साऱ्या बसला अभिवादन करी आणि पाच थांबे पलीकडे आपल्या मित्रांत पत्ते खेळायला उतरे. ते पाच थांबे, बसची पायरी, थांब्यापर्यंतचे चालणे, चार माणसांशी बोलणे हा त्याचा दिवसाचा व्यायाम, आणि एकटेपणावरचा उतारादेखील.

आपल्याकडेही ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या नागरिकांना अर्धे तिकीट. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत ही सवलत वापरलेलीच नाही, कारण ‘एकटे कसे पाठवायचे?’ हा प्रश्न. एकटे पाठवू नका. दोघे-तिघे समवयस्क मिळून जाऊ द्या. महिन्यातून एकदा शेजारच्या गावच्या देवळापर्यंत जाऊन आले तरी पुरे.

शेवटच्या संध्याकाळी किनाऱ्यावर ‘सेगा’ नाच पाहिला. गुलामगिरीच्या काळात जन्मलेले हे नृत्य. युनेस्कोने २०१४ मध्ये ते मानवी वारशात नोंदवले. ‘रवान’ नावाचे बकऱ्याच्या कातड्याचे पसरट वाद्य आधी शेकोटीवर तापवतात, मग वाजवतात. नाचताना गुडघे किंचित वाकलेले असतात, कमर लयीत हलते आणि पाऊल जमिनीवरून जवळजवळ उचलत नाहीत, सरकवतात. साठी-सत्तरीच्या बायका त्यात सहज नाचत होत्या. तोल सांभाळण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ जे व्यायाम शिकवतात, त्यांच्याशी याचे मोठे साम्य आहे. आई खुर्चीत बसूनच पावले सरकवत होती. मी तिला हटकले नाही.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

उष्ण प्रदेशातील कोणत्याही बेटावर किंवा किनाऱ्यावर ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास प्रवास केव्हा करावा, हे त्यांनाच ठरवू द्या.

२. सर्व औषधे दुप्पट दिवसांची घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन विमानाच्या सामानात कधीही देऊ नका. तेथील थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी जवळ असू द्या.

३. झोपेची, मनोविकारांवरील आणि ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक औषधे नेण्याबाबत काही देशांचे कायदे कडक असतात. मॉरिशस त्यांपैकी एक आहे. परवानगी लागते का, याची चौकशी आधीच करा.

४. विमानात दर तासाला उठून चार पावले टाका. जमत नसेल तर बसल्या जागी घोटे वरखाली हलवा. पाणी पीत राहा.

५. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. एवढ्या फरकाने गोळ्यांच्या वेळा फारशा बिघडत नाहीत. जेवणाची वेळ मात्र चुकवू नका. मधुमेहींनी आणि त्यांच्या सोबत्यानेही खिशात साखर ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, त्याला कुशीवर वळवून तात्काळ रुग्णालयात न्या.

६. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात लवकर शोष पडतो. उभे राहताना चक्कर आली तर ती थकव्यावर ढकलू नका.

७. पाण्यात आणि वाळूवर पादत्राणे घालूनच चाला. रात्री तळपाय उजेडात तपासा. स्वतःला वाकणे जमत नसेल तर सोबत्याने तपासावेत.

८. डासांपासून जपा. हिवताप नसला तरी डेंग्यू आणि चिकुनगुन्या या बेटांवर आढळतात. २००५-०६ च्या साथीत शेजारच्या रियुनियन बेटावर सुमारे एकतृतीयांश लोकांना चिकुनगुन्या झाला होता. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासरोधक मलम वापरा.

९. दिवसाला एकच स्थळ ठरवा. दुपारची विश्रांती हा कार्यक्रमाचाच भाग समजा. प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नका.

ज्यांना एवढा लांबचा प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठीही या बेटाचा धडा तोच आहे. आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीचे ताट आज कोण पाहते आणि तिचे पाय आज किती चालले, हे दोन प्रश्न रोज संध्याकाळी विचारा. पहिल्याचे उत्तर बहुतेक घरांत तयार असते. दुसऱ्याचे नसेल, तर उद्या सकाळी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जा, आणि परवा त्याच्या थोडे पुढे.